कलाशिक्षण : मेहेरबानी की हक्क?

भाद्रपदात मुंबई-ठाण्याच्या घराघरांत जी गणेशमूर्ती मखरात बसते, तिच्या डोळ्यांची आखणी पुष्कळदा पेण, हमरापूर, जोहे, कळवे यांपैकी कुठल्या तरी कारखान्यात झालेली असते. ती करणारा तरुण वीस-बावीस वर्षांचा असतो. बुबुळ कुठे टेकले म्हणजे मूर्ती समोरच्याकडे पाहते आणि केसभर सरकले की ती तिरळी दिसू लागते, हे त्याला कोणी फळ्यावर शिकविलेले नसते. बापाच्या, काकाच्या शेजारी बसून, रंगाच्या वाट्या धूत धूत ते त्याच्या बोटांत उतरलेले असते. या तरुणाला आपण कारागीर म्हणतो, त्याला नगावर मजुरी देतो आणि विसर्जन आटोपले की त्याला विसरतो. आता समजा, आपण रीतसर चित्रकला शिकावी, शिल्पकला शिकावी, स्वतःच्या कल्पनेतून उतरलेल्या कामावर जगावे, असे त्याच्या मनात आले, तर त्याने जावे कुठे? हा कुणा एका मुलाच्या हौसेचा मामला आहे असे समजून तो बाजूस सारण्याची रीत आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ आहे. खेदाची गोष्ट अशी की परिवर्तनाची भाषा बोलणारे कार्यकर्तेही या बाबतीत फारसे वेगळे वागत नाहीत. आमच्या मते हा शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि श्रमाच्या मोलाचाही.

जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळातली गोष्ट आहे. अलिबागजवळच्या सासवने गावी १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, आणि घरी गणपती करण्याची परंपरा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडले. साहेबाने मुलाची चौकशी केली आणि त्याच्या साह्याने करमरकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे ते कलकत्त्यास गेले, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकून आले, आणि १९२८ साली पुण्यात शिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ ब्राँझचा पुतळा उभा राहिला तो त्यांच्या हातून घडला. सासवन्याला त्यांच्या राहत्या घरी आज त्यांच्या शिल्पांचा संग्रह आहे. आसपासची कष्टकरी माणसे आणि जनावरे त्यांनी ज्या आपुलकीने घडविली आहेत ती पाहण्यासाठी तरी कार्यकर्त्यांनी अलिबागला गेल्यावर थोडी वाट वाकडी करावी.

ही हकिकत जिल्ह्यात नेहमी कौतुकाने सांगितली जाते. कौतुक रास्तच आहे, पण तिच्यातला कलेक्टर काढून टाकला तर काय उरते, हे कोणी विचारीत नाही. साहेबाचा दौरा त्या दिवशी रेवदंड्याच्या वाटेने गेला असता, किंवा पावसाने ती भिंत आधीच धुऊन निघाली असती, तर? करमरकर हे गावोगाव आढळणाऱ्या गणपती करणाऱ्यांपैकी एक म्हणून जगले असते आणि त्यांचे नाव सासवन्याच्या वेशीबाहेर गेले नसते. अशी किती नावे या शंभर-सव्वाशे वर्षांत पेण, रोहा, अलिबाग, मुरूडच्या वेशींआत राहिली असतील याची मोजदाद कुठल्याच दप्तरात नाही. परकीय राजवटीत गुणी मुलाला साहेबाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागले, हे समजू शकते. स्वराज्यातही त्याची स्थिती मूलतः तीच असावी, हे कसे समजून घ्यायचे?

जे. जे. स्कूल १८५७ साली जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून सुरू झाले. देशी कारागिराला रेखनाचे शिक्षण द्यावे, हा त्यामागच्या हेतूंपैकी एक होता. १८९० च्या सुमारास तेथे रे आर्ट वर्कशॉप्स निघाली आणि धातुकाम, मातीकाम, लाकूडकाम शिकविले जाऊ लागले. परंतु संस्थेची प्रतिष्ठा वाढत गेली तसतसा चित्रकार आणि शिल्पकार हा एक वर्ग झाला आणि कारागीर हा दुसरा. आपल्याकडच्या वर्णव्यवस्थेला ही विभागणी परिचयाचीच असल्याने ती चटकन रुजली. १९६५ साली राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले. शासनाची जुनी कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मुंबई वगळली तर कोकणच्या वाट्याला त्यांतले एकही आलेले नाही. २०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याचे सर्वत्र स्वागत झाले. शिखर उंच झाले हे खरे, पण पायथ्याशी काय चालले आहे?

रोह्याच्या मुलाने मुंबईला शिकायचे म्हणजे दिव्याची गाडी गाठायची आणि तेथून पुन्हा लोकल धरायची. रोज ये-जा केली तर चित्र काढायला हात शिल्लक राहत नाहीत, आणि मुंबईत राहायचे तर खोलीचे भाडे बापाच्या कमाईहून अधिक. रंग, कागद, कॅनव्हास यांचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो. त्याआधी प्रवेश मिळावा लागतो. त्यासाठी राज्याची सामाईक परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र पाहतात. या परीक्षेची तयारी करून घेणारे खाजगी वर्ग शहरांत आहेत. ज्या मुलाने शेकडो मूर्तींना हात लावला आहे, त्याला आयताकृतीत संकल्पचित्र कसे बसवायचे हे कोणी दाखविलेले नसल्याने तो मागे पडतो. आणि ज्याने आयुष्यात ओल्या मातीला स्पर्श केलेला नाही तो पुढे जातो. आणखी एक अडचण अशी आहे की ती मंत्रालयात बसून दिसणे कठीण. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेणचे कारखाने रात्रंदिवस चाललेले असतात. वर्षाची कमाई त्या दोन-अडीच महिन्यांत व्हायची. कागदपत्रे घेऊन मुंबईच्या खेपा घालायला घरातला कोण मोकळा असतो?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. पेण हे गावच एक शाळा आहे, तेथे आणखी महाविद्यालय कशाला? या उत्तरात पेणविषयी आदर दिसतो, पण त्यात एक सोयीस्कर आळसही आहे. कारखाना पुष्कळ शिकवितो: साचा कसा भरावा, मूर्ती कशी सोडवावी, सांधा कसा बुजवावा, सोंडेचा तोल कसा राखावा. हे ज्ञान लहानसहान नाही आणि कुठल्याही पदवीधराने त्याच्यापुढे नम्र व्हावे असे ते आहे. परंतु कारखाना माणसाला एकाच कामात पक्का करतो. जो आखणी करतो तो आयुष्यभर आखणी करतो. ज्या बाया मूर्ती घासून गुळगुळीत करतात त्यांच्या हातात कुंचला क्वचितच येतो. मानवी देहाचा अभ्यास, जिवंत माणूस समोर बसवून केलेले रेखन, इतर देशांत आणि इतर काळांत माणसांनी मातीचे आणि दगडाचे काय काय केले याची ओळख, सामग्रीच्या गुणधर्मांचे शास्त्र, यांतले काही तेथे मिळत नाही, आणि हंगामाच्या घाईत ते मिळावे अशी अपेक्षाही चुकीची आहे.

या उणिवेची किंमत गेल्या काही वर्षांत पेणने चांगलीच मोजली आहे. शाडू जड, सावकाश वाळणारी, कोकणच्या दमट हवेत तडकणारी, आणि ती आणावी लागते गुजरातेतून. प्लॅस्टर ऑफ पॅरिस हलके, चटकन घट्ट होणारे, एका साच्यातून भराभर नग देणारे. मागणी वाढली तसे बहुतेक कारखाने प्लॅस्टरकडे वळले, यात नवल काही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लॅस्टरच्या मूर्तींना बंदी सांगितली. त्याच वर्षी साथीमुळे शासनाने घरगुती मूर्ती दोन फुटांची आणि सार्वजनिक मूर्ती चार फुटांची ठरविली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीची काटेकोर अंमलबजावणी करण्यास बजावले. मग अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अभ्यास झाला, केंद्रीय मंडळाने खुलासा केला, आणि ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास नाही. या पाच वर्षांत मूर्तिकार मोर्चे काढीत होते, वकील लावीत होते, पुढाऱ्यांच्या दारी जात होते. नद्या आणि खाड्या वाचल्याच पाहिजेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न असा आहे की, शाडूत काय मिसळले असता ती हलकी होईल, कागदाच्या लगद्याची मूर्ती पावसाळी हवेत टिकेल कशी, स्थानिक मातीचा काही उपयोग होतो का, याचे प्रयोग करणारी एकही प्रयोगशाळा, एकही शिक्षणसंस्था या मूर्तिकारांच्या अंगणात का नव्हती? लक्षावधी मूर्ती घडविणारा तालुका आपल्या सामग्रीचा निर्णय न्यायालयातून येण्याची वाट पाहत बसतो, ही स्थिती शोभादायक नव्हे.

याच तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीम मांडली तेव्हा तिचा गाभा हाच होता की हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम व्हावे, हातांनी काम करता करता गणित, विज्ञान, समाजशास्त्र उलगडावे. हस्तोद्योग घरोघर आहे असे गाव शोधायला पेणइतके दुसरे ठिकाण महाराष्ट्रात सापडणे कठीण. हस्तोद्योग आहे, शिक्षण तेवढे त्याला जोडायचे राहून गेले आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. एखादा जाणता मूर्तिकार महिनोन्महिने खपून नवा नमुना घडवितो. तो बाजारात गाजला की त्याच मूर्तीवरून रबरी साचा काढायला फार वेळ लागत नाही, आणि पुढच्या हंगामात तीच मुद्रा, तीच बैठक दहा ठिकाणी दिसू लागते. मूळ नमुना कुणाचा, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते आणि विचारावेसेही वाटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्पाचा समावेश आहे. त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, त्यावरचा हक्क औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून अधिक नग निघाले की संपतो. साच्यातून निघणारी मूर्ती यांपैकी कशात बसते यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. मूर्तिकाराला मात्र असा काही वाद असतो हेच कोणी सांगितलेले नाही. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने गावाच्या नावाचे रक्षण होईल. ज्याच्या कल्पनेतून नमुना निघाला त्या माणसाच्या नावाचे रक्षण त्याने होत नाही. सर्जनशील कारकीर्द म्हणजे काय, असे कुणी विचारले तर आम्ही प्रथम हेच सांगू की, आपल्या कामावर आपले नाव असणे आणि त्या नावाचा मोबदला मिळणे. हे शिकविणारा वर्ग पेणला हवा.

लहान गावातले लहान कला महाविद्यालय चालेल का, अशी शंका काढणाऱ्यांनी चिपळूण तालुक्यातले सावर्डे पाहावे. तेथे सह्याद्री शिक्षण संस्थेचे कला महाविद्यालय उभे आहे आणि कोकणातली मुले तेथे चित्र-शिल्प शिकत आहेत. त्याआधी कोल्हापुरात दत्तोबा दळवींनी आपल्या बळावर कलाशिक्षणाची संस्था उभी केली होती. बंगालकडे पाहिले तर १९१९ साली सुरू झालेले शांतिनिकेतनचे कलाभवन हेही एका खेड्याच्या कुशीतच वाढले. बांकुड्याच्या एका गरीब घरातला रामकिंकर बैज हा मुलगा १९२५ साली तेथे आला. पुढे १९३८ साली त्याने सिमेंट आणि तांबड्या मातीतली खडी वापरून उघड्यावर संथाळ कुटुंबाचे शिल्प उभारले. ब्राँझला पैसा नव्हता आणि भोवती संथाळ मजूर रोज कामावर जाताना दिसत होते. त्या दोन्ही गोष्टींतून ते शिल्प निघाले. लहान ठिकाणी शिकण्याचा हा लाभ मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. रोहा-पेणच्या विद्यार्थ्याला कुंडलिकेचा काठ आहे, कातकरी वाड्या आहेत, धाटावच्या रासायनिक कारखान्यांची धुराडी आहेत. तळा तालुक्यात कुड्याची लेणी आहेत. तेथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे दोन हजार वर्षांमागे सामान्य धंदेवाईक माणसे या डोंगरात कलेचा खर्च उचलीत होती. दक्षिण मुंबईच्या गॅलऱ्या पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याने हे पाहिलेले बरे.

मात्र लहान महाविद्यालयांचा एक दोषही लपवून चालणार नाही. त्यांतली पुष्कळशी कला शिक्षक पदविकेच्या आधाराने जगली. पदविका घ्यायची, माध्यमिक शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागायचे, असा तो सरळ रस्ता होता. त्या मास्तरांनी खेडोपाडी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसविली, स्नेहसंमेलनांचे पडदे रंगविले, आणि आमच्या चळवळींचे फलकही बिनमोबदला लिहून दिले. त्यांचे ऋण मोठे आहे. तो रस्ता आता बंद झाल्यातच जमा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच उच्च प्राथमिक शाळेत शंभरावर मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, अशी तरतूद आहे. मुलाला कलेचा हक्क दिला आणि शिकविणाऱ्याला अर्धवेळ करून टाकले! जेथे शंभर मुले नाहीत अशा वाड्या-वस्त्यांच्या शाळांना तर तेवढेही नाही. दरम्यान चित्रकलेच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून गर्दी होते, आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते.

तेव्हा नोकरीचा रस्ता अरुंद झाल्यावर शिकून करायचे काय? मराठीत कलेवर स्वतंत्रपणे जगण्याची परंपरा नाही असे नव्हे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मासिकांच्या, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि दिनदर्शिकांवर आपली हयात उभी केली. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. तो छापील बाजार आक्रसला. गावोगावचे बोर्ड रंगविणारे पेंटर फ्लेक्सच्या यंत्राने घरी बसविले. नवे काम संगणकावर आहे: बोधचिन्हे, जाहिराती, चलच्चित्रे, खेळांची दृश्ये. पण रोह्यात बसून शहरातल्या मध्यस्थासाठी नगावर चित्रे करून देणारा तरुण आणि हमरापुरात नगावर कच्च्या मूर्ती काढणारा मजूर यांच्या स्थितीत फरक तो केवढा? एकाचे कपडे पांढरे होतात, दुसऱ्याच्या डोळ्यांची आग होते. नाव दोघांचेही कुठे नसते.

येथे एकट्याने लढून भागणार नाही. १९६६ साली मद्रासजवळ चोलमंडल हे कलाग्राम के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सहकारी-विद्यार्थ्यांनी वसविले. बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकायच्या, त्यातून सामायिक पैसा उभा करायचा आणि चित्र-शिल्पाचे काम बाजाराच्या दडपणावाचून करायचे, ही त्यांची योजना होती. तिच्यातून जमीन आली, घरे आली, कामाच्या जागा आल्या. पेणमध्ये सहकार हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, हे आम्ही जाणून आहो. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेचा घोटाळा उघडकीस आला आणि सामान्य ठेवीदार देशोधडीला लागले. तरीही माती, रंग, साचे एकत्र खरेदी करणारी, नमुन्यांची नोंदणी करणारी, आणि नमुना घडविणाऱ्याला प्रत्येक नगामागे ठरलेला वाटा देणारी कलावंत-कामगारांची संस्था येथेच निघू शकते. दुसरीकडे एवढे लोक एका पंचक्रोशीत एकच काम करीत नाहीत.

शासन काही करीत नाही असे म्हणता येणार नाही. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत मूर्तिकाराचा समावेश आहे. पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचा भत्ता, पंधरा हजारांची अवजारे आणि पाच टक्क्यांनी कर्ज. कर्ज उपयोगी आहे, ते जरूर घ्यावे. पण पिढ्यान्पिढ्या मूर्ती घडविणाऱ्याला पाच-सात दिवसांत कोण काय शिकविणार? इंजिनिअरच्या मुलासाठी चार वर्षे आणि मूर्तिकाराच्या मुलासाठी एक आठवडा, हे माप कुणी ठरविले? काही मंडळी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे बोट दाखवितात. २०१३ च्या कंपनी कायद्याने पारंपरिक कलांवर हा निधी खर्च करता येतो, आणि धाटाव-नागोठण्यात कंपन्यांना तोटा नाही. एखादी इमारत, एखादी भट्टी त्यातून उभी राहत असेल तर ती नाकारू नये. शिक्षकांचे पगार आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या मात्र त्यावर सोडणे म्हणजे कलेक्टरसाहेबाच्या जागी व्यवस्थापकसाहेब बसविणे होय. कंपनीचा नफा घटला की वर्ग बंद.

पेण आणि रोह्यातल्या कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा. भाकरीचे प्रश्न असताना हे रंगांचे काय काढले, असे काही जण म्हणतील. पेणमध्ये रंगच भाकरी आहे हे त्यांना हमरापुरात एक दिवस नेऊन दाखवावे. मागणी नेमकी असावी. रायगड जिल्ह्यासाठी पूर्ण अनुदानित कला महाविद्यालय, त्यात शिल्प आणि मातीकामाचा स्वतंत्र विभाग, सामग्रीच्या प्रयोगांची सोय, कारखान्यात वर्षे काढलेल्यांना प्रवेशात त्या अनुभवाचे गुण, आणि जाणत्या मूर्तिकारांना पदवीची अट न घालता शिक्षक म्हणून नेमण्याची मुभा. महाविद्यालय मंजूर होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत संध्याकाळचे वर्ग सुरू करता येतील. एक वर्ग पेणला, एक रोह्याला. घासकाम करणाऱ्या बायांसाठी त्यात निम्म्या जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांच्या मुलांना सांभाळण्याची व्यवस्था शेजारच्या खोलीत व्हावी. विसर्जनानंतर कारखाने थंडावतात, तेव्हा ग्रामसभांतून ठराव करून घेणे सोपे जाईल. वर्गाचे वेळापत्रक मात्र शाळेच्या नव्हे, कारखान्याच्या वर्षाला धरून आखावे लागेल आणि आषाढ-श्रावण हे दोन महिने मोकळे ठेवावे लागतील. तेवढे मागणीपत्रात पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.